मुल्ड्रॉ ते लुईव्हिल : जाताना ऐटीत, येताना टोचन

मे महिन्यात दुपारी बारानंतर नागपूरच्या रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर लग्नाच्या पत्रिका वाटत असतो. आम्ही तिघं, म्हणजे मी, मामेभाऊ आणि शाळेपासूनचा एक दोस्त, काकांच्या गॅरेजमागच्या खोलीत कूलरला पाठ लावून बसलो आणि केंटकीला निघालो. म्हणजे कॉम्प्युटरवर: गेम प्रोजेक्ट झोम्बॉईड, झोम्बींच्या जगात जिवंत राहायची, गेममधली जागा अमेरिकेतलं केंटकी, साल १९९३, महिना जुलै. मुल्ड्रॉहून उत्तरेला व्हॅली स्टेशनकडून लुईव्हिलच्या वेशीपर्यंत जायचं, औषधं आणि पुस्तकं डिकीत भरायची आणि परत यायचं, एवढाच बेत.

निघायलाच गेममधले दोन दिवस गेले. रस्त्यावर गाड्या पुष्कळ उभ्या असतात, पण चालणारी सापडणं अवघड. किल्ली आधी इग्निशनला लटकलेली आहे का बघा, मग डॅशबोर्डचा कप्पा, मग आसपास भटकणाऱ्या झोम्बींचे खिसे, मग जवळची घरं. मिळालीच नाही तर किल्लीशिवाय तारा जोडून गाडी डायरेक्ट करता येते. त्याला पात्राचं कौशल्य इलेक्ट्रिकलमध्ये पातळी १ आणि मेकॅनिक्समध्ये पातळी २ लागतं. पात्र चोराचं घेतलं असेल तर पहिल्या दिवसापासून जमतं. मामेभावाने तेच पात्र घेतलं होतं. हे मामीला सांगायचं नाही, असं तिथेच ठरलं.

आम्हाला एक पांढरी व्हॅन मिळाली. डिकी मोठी, इंजिन कुरकुरणारं. बोनटजवळ उभं राहून गाडीची तपासणी उघडली की एकेक पार्ट हिरव्यापासून लाल रंगापर्यंत दिसतो. तेवढ्यात काका चहा घेऊन आत आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काहून बे पोट्टे हो, सायलेन्सर लाल दिसून राहिला अन् निघाले गावाले?" आम्ही हसलो. मी तर म्हटलं, "काका, ही गेम आहे, इथे पोलीस पकडत नाहीत." पोलीस नाही पकडत, पण फाटक्या सायलेन्सरचा आवाज लांबवर जातो आणि तो ऐकून जे येतात ते पावती फाडून सोडत नाहीत.

पार्ट बदलायचा तर आधी हे समजून घ्या: गाड्या तीन जातींच्या आहेत, साध्या, जड कामाच्या आणि स्पोर्ट. एका जातीचं टायर दुसरीला बसत नाही. प्रत्येक जातीचं दुरुस्तीचं मासिक वेगळं, आणि ते वाचल्याशिवाय काही पार्ट हलतच नाहीत. मेकॅनिकचं पात्र असेल तर ही कटकट नाही. चाकाला जॅक आणि चाकाचा पाना लागतो. ब्रेक काढायचा तर आधी चाक उतरवावं लागतं. बॅटरीला नुसता स्क्रू ड्रायव्हर पुरतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीतली बॅटरी काढून घेणं सगळ्यात सोपं. हात कच्चा असेल तर काढताना पार्ट खराबही होतो. तेव्हा रस्त्याकडेच्या भंगार गाड्यांवर हात बसवा, स्वतःच्या गाडीवर नाही.

पेट्रोलचं मात्र आम्ही चोख केलं. पंपावर वीज असेपर्यंतच पेट्रोल मिळतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये वीज पहिल्या महिनाभरात कधीतरी जाते. नंतर पंपाशेजारी जनरेटर लावावा लागतो आणि तो कसा जोडायचा त्याचंही मासिक शोधावं लागतं. आम्ही उभ्या गाड्यांच्या टाक्यांतून रिकाम्या कॅनमध्ये उपसून घेतलं. (हे चालू असताना आमच्याच गल्लीतली लाईट गेली. वीस मिनिटं तिघं पुठ्ठ्याने वारा घेत बसलो.)

जाताना मी गाडी चालवत होतो आणि सांगायला लाज वाटते, पण मजा येत होती. समोर चार झोम्बी दिसले की मी सरळ त्यांच्यावर घालत होतो. मामेभाऊ ओरडत होता, "दादा, बोनट!" मी ऐकत नव्हतो. प्रत्येक धडकेत समोरची बाजू मार खाते, आणि बोनट संपलं की पुढचा मार थेट इंजिनला. उडवायचंच असेल तर रिव्हर्समध्ये उडवा. डिकी पोचते, इंजिन वाचतं. खरं तर उडवूच नका. हॉर्न वाजवत सावकाश पुढे जायचं, घोळका मागे लागला की त्याला लांब नेऊन सोडायचं आणि वळसा घालून परत यायचं. हे मला परतीच्या वाटेवर कळलं.

लुईव्हिलच्या अलीकडे लष्कराचा अडसर आहे आणि तिथली गर्दी नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दिवाळीच्या खरेदीसारखी. गाडी बरीच अलीकडे थांबवा, तोंड घराच्या दिशेला करून लावा आणि पायी जा. आम्ही तोंड शहराकडे ठेवून लावली होती. पाठीवर औषधं, मागे शेपन्नास जण, आणि व्हॅन वळवता वळवता खांबाला भिडली. दोघं जखमी. दोन मिनिटं पुढे आलो आणि व्हॅली स्टेशनच्या रस्त्यावर इंजिन बंद. तीनदा सेल्फ मारला. प्रत्येक खेपेला त्या आवाजाने झाडीतून आणखी दोघं बाहेर.

शेवटी दोस्ताने डोकं लावलं. येताना एक छोटी गाडी किल्लीसकट उभी दिसली होती. तो पायी मागे गेला, ती घेऊन आला, व्हॅनच्या पुढे लावली आणि कीबोर्डवरचं व्ही दाबून मेन्यूतून टोचन केलं, म्हणजे व्हॅन मागे जोडली. छोटी गाडी भरलेल्या व्हॅनला ओढताना रांगत होती. वळणावर व्हॅन बाजूला फेकली जाते, म्हणून सरळ रस्त्यालाही वेग कमीच ठेवा आणि कच्च्यात उतरू नका.

मुल्ड्रॉला पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, खऱ्या नागपुरातले. डिकी उतरवताना कळलं की जॅक तिकडेच राहिला. टायर तपासायला काढला होता आणि पळताना कुणी उचललाच नाही. व्हॅन आता दारात उभी आहे, इंजिनसाठी सुटे भाग गोळा चालू आहेत. शनिवारी छोट्या गाडीने जॅक आणायला जायचं आहे. चालवणार मामेभाऊ, मला मागच्या सीटवर बसवलंय.