मागाच्या खोलीत मुरणारी आंबट बिअर

बेळगावात बिअर वर्षानुवर्षं साठवून ठेवायची म्हटलं की समोरचा पहिल्यांदा उन्हाळ्याचं विचारतो. प्रश्न रास्तच आहे. आपल्या दुकानातल्या नेहमीच्या बिअरवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, आणि ती जितकी ताजी तितकी चांगली. मी साठवतो ती जात निराळी आहे. ती भरली जाते तेव्हाच तिचा निम्मा प्रवास बाकी असतो, आणि तो बाटलीत व्हायचा असतो. तो नीट व्हावा म्हणून वडगावच्या आमच्या जुन्या घरात काय काय करावं लागलं, ते लिहितोय. आपल्या हवेत हे करायचं तर काय लागतं, हे मला सुरुवातीला कुणी सांगणारं नव्हतं.

ही बिअर म्हणजे लॅम्बिक. ब्रुसेल्स आणि त्याला लागून असलेल्या पायोटेनलंड भागात ती करतात. सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि साधारण तिसरा हिस्सा कच्चा गहू. उकळलेला रस रात्रभर उथळ, रुंद भांड्यात उघडा ठेवायचा आणि हवेतून, लाकडातून जे जीव येतील त्यांच्यावर सोडून द्यायचं. यीस्ट कुणी घालत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या काळातच चालतं. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. पुढे लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. अशा वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरल्या की ती ग्यूझ. कोवळ्या लॅम्बिकमध्ये साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा आंबवण चालतं आणि फेस धरतो. काही ग्यूझच्या बाटल्यांवर तर वीस वर्षांची मुदत छापलेली असते.

चव पहिल्यांदा अंगावर येते. आजीच्या हातची दोन दिवसांची अंबील ज्यांनी प्यायली आहे, त्यांना तिच्यातला आंबटपणा ओळखीचा वाटेल. मागून येणारा जुन्या लाकडाचा, ओल्या गवताचा वास मात्र नवा. हा वास ब्रेट्टानोमायसीस या जंगली यीस्टचा. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी 1904 मध्ये त्याला हे नाव दिलं. हे यीस्ट फार सावकाश काम करतं, बाकीच्या यीस्टना न पचणाऱ्या साखरा खातं आणि बाटलीत शिरलेला थोडाफार ऑक्सिजनही वापरून टाकतं. इतर बिअर शिळी होते त्या काळात ही टिकून राहते, त्याचं मोठं श्रेय या यीस्टला आणि आम्लाला आहे.

बाटल्या मिळवणं हा पहिला टप्पा. माझा भाचा बेल्जियममधल्या लूव्हनला असतो. ब्रुसेल्सच्या अँडरलेक्ट भागात कांतियों ही 1900 सालची ब्रुअरी आहे, ती त्याला जवळ पडते. तिथल्या मोजक्या निघणाऱ्या बाटल्या माणशी ठरावीकच देतात. परदेशातून येताना एका माणसाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यात दारू, वाइन, बिअर सगळं आलं. आमचा हिशोब तिथूनच सुरू होतो. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या झाल्या दीड लिटर, वर 330 मिलीची एक ओर्वाल (बेल्जियमच्या मठातली, याच जंगली यीस्टची बिअर). बेरीज 1830 मिली. एवढंच आणायचं, बिल जवळ ठेवायचं, आणि बेंगळुरूला उतरून रस्त्याने रात्री निघायचं. दिवसा नाही, कारण मे महिन्यात हुबळीच्या आसपास उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते.

गोवा आम्हाला जवळ. चोर्ला घाट उतरला की क्राफ्ट बिअरचे कॅन हवे तेवढे. पण तिथल्या बहुतेक आंबट बिअर केटल सावर पद्धतीच्या असतात: लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जंतू घालून एक-दोन दिवसांत रस आंबवायचा, उकळून जंतू मारायचे आणि मग नेहमीचं यीस्ट. कोकम घातलेली गोझ (मीठ घातलेली जर्मन धाटणीची आंबट बिअर) मी तिथे मनापासून प्यालोय. ती तिथेच प्यायची. आत मुरवणारं काही जिवंतच नसतं, त्यामुळे साठवून तिचा फक्त ताजेपणा जातो. आंबट म्हणजे टिकाऊ असं समजून लोक हे कॅन वर्ष-वर्ष फ्रीजमागे ठेवतात, त्याचं वाईट वाटतं.

आता जागा. आमचे आजोबा विणकर. वडगाव-शहापूर भागात घराघरांत खड्डामाग असत. विणकर जमिनीच्या कडेला बसायचा, पाय खाली खड्ड्यात, पायाने पावड्या दाबायच्या. आमचा माग कधीच निघाला, खोली आणि खड्डा राहिला. मातीच्या जाड भिंती, एकच लहान खिडकी. आजोबा खड्ड्यातली जमीन मुद्दाम ओलसर ठेवायचे, सूत तुटू नये म्हणून. मला वाटलं, यापेक्षा चांगलं तळघर कुठलं मिळणार?

बाटल्या ठेवण्याआधी वर्षभर फक्त थर्मामीटर ठेवला. या कामात मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. एप्रिलच्या दुपारी खोलीत पारा 33 ला असताना खड्ड्यात 26. जानेवारीच्या पहाटे बाहेर स्वेटर घालावा अशी थंडी, खड्ड्यात 23. म्हणजे खड्डा स्थिर होता, पण थंड नव्हता, आणि कितीही खणला तरी होणार नव्हता. जमीन खोलवर त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला येऊन थांबते. ब्रुसेल्सची सरासरी दहा-अकराच्या घरातली, म्हणून तिथलं तळघर आपोआप थंड. आपली चोवीसच्या आसपास. युरोपातले लोक 'तळघरात ठेवा' म्हणतात तेव्हा त्यांच्या पायाखालची माती निम्मं काम करत असते.

ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. मुरण्याचा वेग वाढतो म्हणजे चांगलंच की, असं कुणी म्हणेल. पण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. ब्रेट्टानोमायसीस त्याच्या चालीने चालतं, आणि बिअर शिळी करणाऱ्या क्रिया त्याच्या पुढे निघून जातात.

शेवटी आइस्क्रीमवाल्याकडचा जुना आडवा डीप फ्रीझर घेतला. फ्रीझर आहे तसा चालवला तर बाटल्या गोठून फुटतील, म्हणून मधे टेम्परेचर कंट्रोलर जोडला. त्याचा सेन्सर आत सोडायचा, तापमान 13 वर लावायचं, तेवढं झालं की तो वीज तोडतो. फ्रीझर खड्ड्यात उतरवायचा मोह झाला होता. पण त्याची उष्णता बाजूंनी बाहेर पडते, खड्डाच तापला असता. म्हणून तो वर, भिंतीपासून हात-दीड हात लांब. रिकाम्या जागेत पाण्याने भरलेले कॅन रचलेत. वळवाच्या पावसात वीज चार-चार तास जाते, तेव्हा आतला पारा एखादा अंशच हलतो.

कंट्रोलरवर एकट्यावर मी विसंबत नाही. ब्रुसेल्सजवळच्या बीर्सलमध्ये द्री फोंटेनेन हे ग्यूझ करणारं घर आहे, तिथे 2009 साली साठवणीच्या जागेतला थर्मोस्टॅट बिघडला, खोली तापत गेली आणि हजारो बाटल्या वाया गेल्या. तिथले कर्ते अर्मांड देबेल्डर यांनी त्या खराब बिअरचं ऊर्ध्वपातन करून स्पिरिट काढलं आणि घर पुन्हा उभं केलं. तो माणूस आणि ते घर दोन्ही मला फार आदराचे वाटतात. ते वाचलं त्याच दिवशी मी दुसरा, स्वतंत्र सेलवर चालणारा अलार्मचा थर्मामीटर आत टाकला.

ठेवायची पद्धत सोपी. बुचाच्या बाटल्या आडव्या, बूच ओलं राहावं म्हणून. ओर्वाल उभी. उजेड अजिबात नको. हिरव्या काचेतून तो सहज आत जातो आणि हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घटकांना कुबट वास आणतो. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, घरातल्या जुन्या सुताने बांधलेली: भरल्याचं साल, घरी आल्याचा महिना. लेबलवर मी विश्वास ठेवत नाही, कारण आपल्या पावसाळ्यात जूनपासून दोन महिन्यांत लेबल सुटतं आणि बुचाच्या टोकावर पांढरी बुरशी धरते. बुरशी वरवरचीच असते, उघडताना ओल्या फडक्याने पुसली की झालं. तरी आत ओल शोषणारे डबे ठेवतो, ते भरले की बदलतो. प्रवासातून आलेली बाटली लगेच उघडत नाही, गाळ खाली बसायला महिनाभर तरी देतो.

ओतायलाही तयारी लागते. तिकडे ग्यूझची बाटली आडवीच टोपलीत ठेवून, तिरकी धरून उघडतात, म्हणजे गाळ ढवळला जात नाही. तशी टोपली इथे कुठून आणणार? भाच्याने पाठवलेला फोटो घेऊन मी बुरुडाकडे गेलो. त्याने बाटली मागितली, हातात फिरवून बघितली, विचारलं, "वजन किती धरायचं हो?" दोन दिवसांत कळकाच्या कामट्यांची टोपली तयार. गळ्याजवळ त्याने दोन पदरी वेढा दिला होता, फोटोत तो नव्हता. त्या वेढ्यामुळे बाटली तसूभरही सरकत नाही.

एकाच वर्षाच्या, एकाच ब्रुअरीच्या दोन ग्यूझ होत्या. एक खड्ड्यात ठेवली, एक फ्रीझरमध्ये. तीन पावसाळे काढल्यावर दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या. शेजारचे काका आले होते. खड्ड्यातलीचा फेस जोरात आला, पण रंग गडद झालेला, वासात शेरी वाइनसारखा जुनाटपणा आणि आंबटपणाला धार. काका म्हणाले, "हे नासलंय, टाकून दे की." नासलेली नव्हती, वेळेआधी म्हातारी झाली होती. फ्रीझरमधली फिकट सोनेरी, लिंबाच्या सालीचा वास, आंबटपणा गोल झालेला आणि शेवटी किंचित तुरट. ती काकांनी पुन्हा मागून घेतली. बरोबर कुंदा होता. त्या दुधाळ, करपट गोडीपुढे ही बिअर फार छान लागते.

तेव्हापासून खड्ड्यात फक्त ओर्वाल ठेवतो, तीही वर्षाच्या आत प्यायची. फळं घातलेल्या लॅम्बिक मुळीच साठवत नाही. क्रीकमधली चेरी किंवा फू फूनमधला जर्दाळू वर्ष-दोन वर्षांत मागे पडतो आणि नुसता आंबटपणा उरतो. फळासाठी घेतलेली बाटली फळ आहे तोवरच उघडावी. दिवाळीला भाचा येतोय, त्याला यादी कळवलीय: ग्यूझ एक, क्रीक एक, ओर्वाल एक. ग्यूझ फ्रीझरमध्ये जाईल, ओर्वाल खड्ड्यात. क्रीक त्याच आठवड्यात फोडायची.