चर खणण्याआधी बॅकहोची तपासणी : माझा अनुभव

पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनसाठी चर खणायला आपल्याकडे बहुतेक वेळा बॅकहो लोडर येतो. मग कंपनी कुठलीही असो, सगळे त्याला जेसीबीच म्हणतात. मशीन ताशी भाड्याचं, त्यामुळे आल्या आल्या पहिला खड्डा पाडायची घाई असते. अशा मशीनची कामाआधीची तपासणी हे माझं रोजचं काम आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. इंजिन ऑइल, कूलंट, एअर फिल्टर यांच्याकडे ऑपरेटर न सांगता बघतो, कारण इंजिन बसलं तर मालक जाब विचारतो. पण सांध्यातल्या पिना, हायड्रॉलिक ऑइलचे होज पाइप, खणताना मशीन स्थिर धरणारे मागचे जॅक आणि ब्रेक हे चरात उतरलेल्या माणसाच्या जिवाशी जोडलेले भाग आहेत, आणि तपासणीच्या यादीत त्यांच्यापुढे न बघताच टिक पडते. म्हणून माझा जास्तीत जास्त वेळ तिकडे जातो.

कागदपत्रांना वेळ लागत नाही: आरसी, विमा, पीयूसी आणि ऑपरेटरचा परवाना. परवान्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे ना, एवढं बघायचं. ऑपरेटरऐवजी हेल्पर मशीन चालवायला बसला असेल, तर ते इथेच कळतं.

पुढची तपासणी मशीन बंद आणि थंड असताना. सपाट जागा, दोन्ही बकेट जमिनीवर टेकलेल्या, पार्किंग ब्रेक ओढलेला, चावी माझ्या खिशात. रात्रभर मशीन जिथे उभं होतं तिथली जमीन आधी बघतो. ओला डाग सापडला की तो कशाखाली आहे ते बघायचं, म्हणजे गळती डिझेलची, ऑइलची की कूलंटची हे निम्मं तिथेच कळतं. मशीन जागचं हलवल्यावर ही खूण हातची जाते.

वेल्डिंग आणि पिना मी ग्रीसिंगच्या आधी बघतो. हा क्रम फार महत्त्वाचा, कारण ताजं ग्रीस तडा झाकून टाकतं. बूमचा (मागच्या मोठ्या हाताचा) बुंधा, डिपरचा (बूमपुढच्या, बकेट धरणाऱ्या हाताचा) सांधा, किंगपोस्टचे (बूम ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो त्या खांबाचे) कान आणि जॅकचे पाय जिथे चासीला जोडलेत त्या जागा डिझेलच्या फडक्याने पुसून घ्यायच्या. रंग फाटून त्यात गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली, तर ती ओरखडा समजून सोडायची नाही. वरून वेल्डिंगचा पट्टा ओढून काम चालू ठेवणं मला मान्य नाही. तडा पूर्ण कोरून काढल्याशिवाय मारलेला पट्टा शेजारी पुन्हा फाटतो.

पिनेचा लॉक बोल्ट मूळचाच आहे ना, ते बघतो. त्या जागी सळीचा तुकडा किंवा बाइंडिंग वायर असेल तर मशीन तिथेच थांबतं. पिन हळूहळू सरकत बाहेर येते आणि भरलेली बकेट एका बाजूला लटकते, तीही नेमकी चरावर. दख्खनच्या कातळात हा धोका दुप्पट होतो, कारण दोन-तीन फुटांवर कातळ लागला की बकेट काढून कातळ फोडायचा ब्रेकर लावतात आणि दुपारी परत बकेट चढवतात. अशा प्रत्येक अदलाबदलीनंतर पिना पुन्हा बघायच्या. बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, झिजलाय का हे कळायला बकेट जमिनीवर असताना सांध्यात पहार घालून हलवून बघायचं. झीज किती चालेल याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. मग ग्रीस, बहुतेक सांध्यांना दर १० तासांनी. ग्रीस घेत नसलेला निपल (ग्रीस भरायचं तोंड) चोंदलेला असतो. तो बदलायचा, पुढे जायचं नाही.

होज पाइपवर हात फिरवू नका, हे मी नव्या पोरांना दर वेळी सांगतो. हायड्रॉलिकचा दाब २०० बारच्या वर जातो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडालेलं ऑइल हातमोज्यातून थेट कातडीखाली शिरतं. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमावायची पाळी येते. असं झालं तर वाट न बघता शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात जायचं आणि आत ऑइल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद असताना रबर फाटून आतली तारेची जाळी दिसतेय का ते नजरेने बघायचं, विशेषतः किंगपोस्टजवळ जिथे पाइप वाकतात आणि एकमेकांना घासतात तिथे. धूळ ओली होऊन चिकटून बसली असेल तर तिथे गळती आहे. चालू मशीनमध्ये गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा. आणि कुठलाही जोड सैल करण्याआधी बकेट खाली, इंजिन बंद, सगळे लिव्हर दोन्ही दिशांना हलवून दाब सोडायचा.

टायरच्या नटांपासून निघालेले गंजाचे ओघळ हे नट सैल असल्याचं लक्षण. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायचं. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा.

केबिनमध्ये पहिल्यांदा सीट बेल्ट. मशीन कलंडलं तर केबिनची चौकट ऑपरेटरला वाचवते, पण तो आत असेल तरच. उडी मारणारा त्याच चौकटीखाली सापडतो. पायऱ्यांवर आणि पॅडलवर चिखल-ग्रीस नको. आरसे, हॉर्न, रिव्हर्स हॉर्न, वरचा दिवा हे वाजवून-लावूनच बघायचं. रस्त्याने आलेल्या मशीनचे दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र जोडलेले असावेत. सुटे असले आणि वेगात एकच दाबला, तर गाडी बाजूला ओढली जाते. मागच्या बूमचं आणि स्लूचं (बूम डावी-उजवीकडे फिरण्याचं) लॉक प्रवासात लावलेलं, कामाआधी काढलेलं.

आता इंजिन चालू करून जॅक आणि बूम किती खाली सरकतात ते बघायचं. या चाचणीला थांबावं लागतं म्हणूनच ती टाळली जाते. घट्ट जमिनीवर जॅक टेकवून मागची चाकं जरा उचलायची, सिलेंडरच्या रॉडवर खडूने खूण करायची, इंजिन बंद करून १० मिनिटं थांबायचं. खूण सरकली तर सील किंवा ऑइल मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गेलाय. खणताना असा जॅक सावकाश बसतो, मशीन तिरकं होतं, आणि ऑपरेटरचं लक्ष बकेटकडे असल्याने त्याला ते उशिरा कळतं. बूमचीही हीच चाचणी, बकेट रिकामी आणि खाली कोणी नसताना. बूम थोडा सरकणं चालतं, मर्यादा मॅन्युअलप्रमाणे. सकाळचं थंड ऑइल घट्ट असतं, झिजलेल्या सीलमधून कमी पाझरतं. त्यामुळे सकाळी उत्तीर्ण झालेलं मशीन दुपारी नापास होऊ शकतं. ऑइल गरम झाल्यावर मी ही चाचणी पुन्हा घेतोच.

स्लू दोन्ही टोकांपर्यंत झटके न देता फिरला पाहिजे. पार्किंग ब्रेकने उतारावर मशीन धरलं पाहिजे.

याच मशीनने पाइप उतरवायचे असतील तर तपासणी वाढते. ३०० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा एनपी-३ प्रकारचा काँक्रीट पाइप अडीचशे किलोच्या आसपास भरतो. पट्टा बकेटच्या दातात अडकवून तो उचलायची पद्धत सर्रास दिसते. बकेट जरा उलटली की पट्टा दातावरून निसटतो. बकेटमागे कंपनीचा हुक आणि त्यावर किती भार चालतो हे लिहिलेलं हवं. पट्ट्याला क्षमतेचं लेबल हवं, कडा फाटलेल्या नकोत. पाइप खाली टेकेपर्यंत चरात माणूस नको.

मशीन उत्तम असलं तरी ते जिथे उभं राहणार ती जमीन तपासायची राहते. २०२३ पासून केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे, खोदाईची सूचना त्यावर द्यायची. तरीही चराच्या रेषेवर फक्की टाकून हाताने चाचणी खड्डे घ्यायचेच. केबल किंवा गॅसची लाइन सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आम्ही फक्त फावड्याने खणतो. वरून वीजवाहिनी जात असेल तर बूम पूर्ण उभा करून किती वर जातो ते धरून अंतर ठरवायचं, आणि शंका असली तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यायचा.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत आकडे स्पष्ट आहेत. १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार किंवा आधार हवा. काढलेली माती कडेपासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांपैकी जे जास्त तेवढी दूर. १.२ मीटरपासून पुढे दर ३० मीटरला एक शिडी, ती जमिनीच्या वर ९० सेंमी आलेली. काळ्या मातीत मी दीड मीटरची वाट बघत नाही. उन्हाळ्यात तिला उभ्या भेगा पडतात, चराची भिंत त्या भेगेवरूनच सुटते, आणि खालचा मुरूम ढासळला की वरचा थर अधांतरी राहतो. जॅकची पावलं कडेच्या भेगेवर येत असतील तर मशीन मागे घ्यायचं. पावसानंतर आधाराच्या फळ्या आणि टेकू पुन्हा ठोकून बघायचे.

दोष सापडला की वहीत दोनच रकाने: ‘दुरुस्तीशिवाय काम नाही’ आणि ‘आज संध्याकाळपर्यंत’. पिन, होज, जॅक, ब्रेक, सीट बेल्ट, रिव्हर्स हॉर्न हे नेहमी पहिल्या रकान्यात. फुटलेला मागचा दिवा दिवसाच्या कामाला दुसऱ्या रकान्यात चालतो, रात्रपाळीला नाही. पहिल्या रकान्यात नोंद असेल तर चावी मेकॅनिक येईपर्यंत माझ्याकडे राहते आणि त्या तासांचं भाडं लागू नाही, हे भाडेकरारातच लिहून घ्यायचं.