तालमींच्या शहरात स्त्रियांचा इतिहास लिहिताना

कोल्हापूरला इतिहासाची वानवा नाही. उलट या शहरात तो जरा जास्तच आहे, असे माझ्यासारख्या इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या बाईला अधूनमधून वाटते. कोणत्याही चौकात उभे राहून विचारले, तर पाटाकडील तालीम श्रेष्ठ की खंडोबा तालीम, खासबागेत कोणती कुस्ती किती वेळ चालली आणि शाहू महाराजांनी कोणाला कसे खडसावले, हे न थांबता सांगणारा माणूस भेटतोच. पेठांचा इतिहास तालमींवरून सांगितला जातो आणि तालमींचा पैलवानांवरून. या सांगण्यात खोटे काही नाही. पण पहाटे आखाड्यात उतरणाऱ्या त्या पोरांच्या घरी पाणी कोणी भरले, म्हशींचे शेणघाण कोणी काढले आणि रंकाळ्यावरच्या धुण्याच्या चावीपाशी घरोघरची धुणी कोणी बडवली, हे विचारले की सांगणारा क्षणभर थबकतो आणि ‘ते काय, बायकाच की’ असे म्हणून पुन्हा कुस्तीकडे वळतो.

शहराच्या या उरलेल्या अर्ध्या भागावर मी पीएच.डी.साठी काम करते आहे. 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि 1949 च्या मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या दोन घटनांच्या दरम्यान कोल्हापुरातील स्त्रिया कोठे काम करत होत्या, कोणत्या रस्त्यांनी जात-येत होत्या आणि कोणत्या रस्त्यांनी जाणे त्यांनी टाळले होते, हा माझा प्रश्न आहे. विषय ऐकल्यावर लोक पहिली शंका घेतात ती साधनांची: ‘बायकांविषयी कागद सापडतात तरी का?’ कागद सापडतात. अडचण त्यांच्या अभावाची नाही, ते कोणत्या उद्देशाने लिहिले गेले याची आहे.

शाहू महाराजांच्या काळातले कायदेच पाहा. 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा, 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्धचा कायदा, 1920 साली जोगत्या-मुरळीच्या प्रथेला आळा घालणारा कायदा. घरात होणाऱ्या छळाची दखल घेणारा कायदा स्वतंत्र भारतात किती उशिरा आला हे लक्षात घेतले, म्हणजे 1919 च्या त्या कायद्याचे मोल कळते. परंतु या कायद्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचा कर्ता नेहमी महाराज असतात आणि स्त्रिया कर्म. त्या ‘उद्धारल्या’ जातात. कायद्याचा आधार घेऊन कोण पुढे आले, कोणाला सासरच्यांनी वाटेतूनच परत नेले, पुनर्विवाह केलेल्या बाईला कोणत्या गल्लीत घर भाड्याने मिळाले, हे प्रश्न विचारणे म्हणजे महाराजांच्या थोरवीला उणेपणा आणणे, असा समज आपल्या चर्चासत्रांतून इतका मुरला आहे की शोधनिबंध वाचून झाल्यावर पहिला प्रश्न हटकून ‘तुम्हाला नक्की काय म्हणायचे आहे?’ असा येतो. मला एवढेच म्हणायचे असते की कृतज्ञता ही इतिहासाची पद्धत होऊ शकत नाही. स्वतः महाराजांना हे पटले असते असे मला वाटते. ज्या माणसाने विधवा सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था विरोध पत्करून सोनतळीला केली, त्याला प्रश्नांचे भय नसावे.

ज्या स्त्रियांची नावे कागदावर आली त्यांच्याविषयी लिहिणे तुलनेने सोपे आहे. संस्थानातील स्त्रीशिक्षणाची धुरा वाहणाऱ्या रखमाबाई केळवकर आणि दरबारच्या मदतीने वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, रुग्ण तपासणाऱ्या त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांचे काम नोंदले गेले आहे. चित्रपटाच्या क्षेत्रातही थोडेफार सापडते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त, 1920 साली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. 1929 साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोट्यांसारखी उच्चभ्रू घरातली सुशिक्षित स्त्री पडद्यावर आली म्हणून केवढी चर्चा झाली. पण त्याच स्टुडिओत घोळक्यात उभ्या राहणाऱ्या, वेशभूषेचे कपडे शिवणाऱ्या, जेवण रांधणाऱ्या बायका कोणत्या पेठेतून येत आणि चित्रीकरण लांबल्यावर रात्री घरी कशा परतत? प्रभात 1933 साली पुण्याला गेली तेव्हा त्यांच्या रोजीचे काय झाले?

शाहू मिलची गोष्ट आणखी कठीण. 1906 साली उभी राहिलेली ही गिरणी, तिचा भोंगा आणि त्या भोंग्यावर चालणारे शहर यांच्या आठवणी जुन्या कोल्हापूरकरांकडे भरपूर आहेत. मुंबईच्या गिरण्यांतल्या स्त्री-कामगारांवर अभ्यासकांनी उत्तम काम केले आहे, कारण तिथे फॅक्टरी कायद्यांमुळे तपासनिसांचे अहवाल वर्षानुवर्षे तयार होत राहिले. 1929 साली मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला, त्यानेही नोंदींत भर घातली. संस्थानाला मात्र ब्रिटिश मुलखातले कायदे आपोआप लागू होत नसत. त्यामुळे मुंबईच्या अभ्यासकाला जी माहिती एका छापील तक्त्यात मिळते, ती मला दरबारचे ठराव, खर्चाच्या नोंदी, मोडीतले अर्ज आणि वृद्ध माणसांच्या आठवणी अशा चार ठिकाणांहून वेचून आणावी लागते. मोडी वाचायला वेळ लागतो, आणि ज्यांची उमेदवारी तो कागद वाचण्यात गेली आहे अशी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

आठवणी गोळा करणे हे तर वेगळेच शास्त्र आहे. सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करणाऱ्या घरांपैकी एका घरी मी बरेचदा जाते. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे ओले करून त्याच्या बारीक पट्ट्या काढायच्या आणि त्या वेणीसारख्या गुंफायच्या, हे काम तिथल्या मावशी लहानपणापासून करत आल्या. पट्टीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्या बोलता-बोलता वेणी घालतात. बोटांच्या पेरांवरचे घट्टे टाचेसारखे टणक झालेले आहेत. मी विचारले, ‘मावशी, तुम्ही हे काम किती वर्षं केलं?’ त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘काम मालक करायचे. मी घरातच हुतो की.’ पुढे तासाभराने, चामड्याच्या भावाचा विषय निघाल्यावर, त्याच म्हणाल्या, ‘वेणी नसली तर चपलीला इचारतंय कोण?’ ही दोन वाक्ये एकाच बाईची आहेत, आणि पहिले वाक्य जनगणनेच्या व सर्वेक्षणाच्या रकान्यात गेले, दुसरे कोठेच गेले नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवल्यावर कोल्हापूरच्या कारागिरांचा अभिमान सगळ्यांना आठवला, आणि वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांत हातोडी धरलेले पुरुष दिसले.

आता या कामाला लागणारा वेळ कोठून आणायचा? मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर नेमणूक, वर्ष संपल्यावर मोकळीक, मानधन केव्हा जमा होईल याचा नेम नाही, आणि पुढच्या वर्षी तास मिळतीलच याची खात्री नाही. माझ्यासारखे शेकडो जण महाराष्ट्रभर आहेत आणि आमच्या दुप्पट कायम पदे रिकामी आहेत, असे एखादा सहकारी चहा पिताना म्हणतो तेव्हा त्याचा आकडा मी तपासत नाही. रिकाम्या खुर्च्या मला स्टाफरूममध्ये दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर श्रेयांक, कौशल्य-अभ्यासक्रम आणि ते सगळे पोर्टलवर चढवण्याचे काम आले. त्यात एम.फिल. गेली. 2022 च्या नियमावलीनंतर ती पदवी देणे बंद झाले, आणि त्याविषयी हळहळताना कोणी फारसे दिसले नाही. मला मात्र ते नुकसान मोठे वाटते, कारण एखादी पेठ, एखादे वसतिगृह, एखादी मुलींची शाळा असे लहान, स्थानिक विषय त्या प्रबंधिकांतूनच हाताळले जात. टंकलेखनाच्या चुकांनी भरलेल्या, कपाटात धूळ खात पडलेल्या अशा प्रबंधिका नसत्या तर माझे निम्मे संदर्भ मला मिळाले नसते.

स्त्री-अभ्यास केंद्रांचीही कथा वेगळी नाही. 1980 च्या दशकापासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने देशभर ही केंद्रे उभी राहिली. 2017 साली पंचवार्षिक योजना संपल्यावर त्यांचे अनुदान चालू राहणार की नाही यावर देशभरातील अभ्यासकांना आवाज उठवावा लागला. कोणी केंद्र बंद करा असे म्हटले नाही. फक्त ‘पुढील आदेशापर्यंत’ असे म्हटले, आणि कंत्राटावरच्या माणसाला पुढील आदेशापर्यंत घरभाडे थांबवता येत नाही.

भीतीविषयीही लिहायला हवे. 2004 च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा आमच्या पिढीला कळले की जेम्स लेन या परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाची किंमत इथल्या हस्तलिखितांना मोजावी लागू शकते. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर सागरमाळ परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी पानसरे गेले. इतिहास सोप्या भाषेत लोकांना सांगणारा माणूस आमच्याच गावात मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला डॉ. कलबुर्गी यांची हत्या झाली. ते तर विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. आणि 2023 च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद राहिले. या सगळ्यानंतर मला कोणी धमकी दिली असे नाही. माझ्या मार्गदर्शकांनी फक्त सुचवले की कलावंतिणींच्या घराण्यांवरचे प्रकरण ‘जरा मागे ठेवावे’ आणि आराखड्यातील ‘जात’ हा शब्द ‘समाज’ करावा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना मला पदवी मिळालेली पाहायची होती.

मात्र सगळी सावधगिरी भित्रेपणाची नसते, हेही इथे नोंदवायला हवे. ज्या घराण्यांतल्या आजी-पणज्या मैफिली गाजवत होत्या किंवा सुरुवातीच्या चित्रपटांत दिसत होत्या, त्यांच्या आजच्या नातींनी आडनाव बदलून, शिकून, नोकऱ्या धरून एक वेगळे आयुष्य उभे केले आहे, आणि माझ्या तळटिपेसाठी ते उसवण्याचा अधिकार मला नाही. त्यांची नावे मी लिहिणार नाही. पण त्यांचे काम, त्यांची कमाई, शहराच्या कोणत्या भागात त्यांना राहू दिले गेले आणि कोणत्या भागातून हलवले गेले, हे मी लिहिणारच, कारण तो शहराचा इतिहास आहे. त्या स्त्रियांसाठी नाव वगळणे आणि जमावासाठी विषय वगळणे यांत फरक आहे, आणि तो करण्याचे काम विद्यापीठाच्या कोणत्याही समितीने माझ्यासाठी करून दिलेले नाही.

एक गोष्ट मला राहून राहून नवलाची वाटते. 1962 साली शिवाजी विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते आणि त्यांनी संपादिलेल्या मोठ्या ग्रंथांचा विषय होता ताराबाईकालीन कागदपत्रे. पतीच्या मृत्यूनंतर 1700 पासून औरंगजेबाशी लढत राज्य हाकणारी, करवीरच्या गादीची पायाभरणी करणारी आणि 1714 साली सवत राजसबाईने केलेल्या उलथापालथीत कैदेत पडलेली ही राणी. तिचा पुतळा कावळा नाक्यावर शहरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. म्हणजे या विद्यापीठाची इतिहासलेखनाची परंपराच एका बाईच्या कागदांपासून सुरू होते. 2025 साली विद्यापीठाचे नाव बदलून ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करावे की नाही यावर मोर्चे निघाले, प्रतिमोर्च्यांची भाषा झाली, इतिहासकारांना वर्तमानपत्रांत बाजू मांडावी लागली. नाव हा महत्त्वाचा विषय असेलही. त्या मोर्च्यांतल्या शंभरात एकाने जरी मोडीचा वर्ग लावला असता तरी अभिलेखागारातले बरेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटले असते.

सध्या मी गिरणीचे प्रकरण लिहिते आहे. शाहू मिलमध्ये आई, आजी किंवा सासू कामाला होती असे कोणा वाचकाच्या घरी सांगत असतील, तर त्यांची पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, खात्यातल्या बायकांचा एकत्र फोटो, अगदी भोंगा झाल्यावर घरात कोणी काय करायचे याची एखादी आठवणसुद्धा मला हवी आहे. कागद मी नेणार नाही. घरी येऊन, तुमच्यासमोर छायाचित्र घेईन आणि नाव छापायचे की नाही ते तुम्हीच ठरवायचे. दिवाळीच्या सुट्टीत तास नसतात, त्यामुळे तेव्हा मला दुपारीही येता येईल.