पडलेलं फळ उलटं करून दाखवा: आमची वाटचाल

वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट म्हटलं की संत्र्याच्या रोपवाटिका आल्याच. आमचीही त्यातलीच एक. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, कलम तयार करायचं अन् विकायचं, हा वडिलांच्या काळापासूनचा धंदा. पण कलम विकलं म्हणजे संबंध संपला असं होत नाही. बाग नीट फळावर यायला काही वर्षं जातात आणि तोवर कास्तकाराचे फोन चालूच असतात: पानं पिवळी कशानं पडली, खोडातून डिंक काऊन वाहते, ताण (बहार फुटावा म्हणून बंद ठेवलेलं पाणी) केव्हा तोडू. या फोनांतूनच आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट उभा राहिला. पुढे त्याचीच वर्षाची फी घेऊन चालणारी सभासद-सेवा झाली. आज आमचं घर रोपवाटिकेइतकंच तिच्यावर चालतं.

पैसे भरून आलेला माणूस वर्षभर नुसता वाचत राहिला तर पुढच्या वर्षी तो फी भरत नाही. माहिती त्याला फुकटात मिळते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, यूट्यूबवर तर रोज नवा सल्लागार. आपल्या बागेची कोणीतरी रोज चौकशी करावी, यासाठी तो फी भरतो. आमच्या पोस्टची पद्धत यावरच बसली आहे. एका पोस्टमध्ये एकच प्रश्न, आणि वावरात गेल्याशिवाय त्याचं उत्तर देता येऊ नये.

फळगळीचंच घ्या. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, गळ ऑगस्ट-सप्टेंबरात जोर धरते. त्या दिवसांत ‘फळगळीची कारणे व उपाय’ अशी लांब पोस्ट टाकता येते, पण लोक तिच्याखाली हात जोडून पुढे जातात. आम्ही एवढंच लिहितो: ‘भाऊ, झाडाखालचं एक फळ उचला. उलटं करून देठाकडचा फोटो टाका. मग बोटानं दाबा अन् काय झालं ते सांगा.’ फोटो यायला लागतात आणि गट जागा होतो. देठाकडून काळपट होत आलेलं फळ बहुतेक बुरशीचं असतं. बारीक छिद्र दिसलं आणि दाबल्यावर त्यातून रसाची चिळकांडी उडाली, तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. हा पतंग अंधार पडल्यावर बागेत उतरतो, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्याला तो दिसतच नाही. डाग नाही, छिद्र नाही, तरी फळ गळलं, तर पाणी आणि अन्नद्रव्यांकडे पाहावं लागतं. कारणं वेगळी, तसे उपायही वेगळे. हातातलं फळ पाहून कास्तकाराला हे ओळखता आलं की तो दिसेल ते औषध उचलत नाही, आणि फवारणीचा एक फेरा वाचतो. या कामात मला सगळ्यात जास्त समाधान याचंच आहे.

दुसरी अशीच लाडकी पोस्ट बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक द्रावणाची. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे प्रमाण विचारण्यात अर्थ नाही. आम्ही म्हणतो, फवारायच्या आधी लोखंडी विळा द्रावणात धरा आणि बाहेर काढून व्हिडिओ टाका. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी घाला. त्या दिवशी गटात विळेच विळे असतात. कोणाचा चुना जुना निघतो, कोणी प्लॅस्टिकचा ड्रम सोडून लोखंडी पिंप घेतलेलं असतं, आणि ते आमच्या आधी दुसरा सभासदच दाखवून देतो.

असं उत्तर सभासदाकडून आलं की आम्ही मध्ये पडत नाही. मात्र उत्तराविना कोणाचाही फोटो रात्रभर राहू देत नाही. पहिल्यांदा बोललेल्या माणसाला त्याच्या नावानं उत्तर मिळालं तर तो पुन्हा बोलतो, नाहीतर कायमचा गप्प होतो. वेळाही कास्तकाराच्या: पहाटे वावरात निघण्याआधी, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. टाइप करणं अनेकांना जड जातं, म्हणून आवाजात उत्तर द्या असं मुद्दाम सांगतो आणि आमचे संदेशही वऱ्हाडीतच बोलतो. बायांचे आवाज गटात आले ते त्यानंतर. निंदण-पाणी त्याच पाहतात, खोडावरचा डिंकही बरेचदा त्यांच्याच नजरेला आधी पडतो.

२०२२च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी आणि पोल आले. आम्ही लगेच सूचनांचा गट वेगळा आणि बोलण्याचा वेगळा केला. पोलवर पहिला प्रश्न टाकला: जमीन हलकी, मध्यम की भारी? ताणाचं सगळं गणित तिथंच आहे. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात जास्त दिवस लागतात. सगळ्यांना एकच तारीख सांगणारी पोस्ट अर्ध्या लोकांचा बहार बिघडवू शकते. आता ताणाचे संदेश जमिनीप्रमाणे जातात.

भावाच्या पोस्ट लोक सगळ्यात जास्त वाचतात, हे खरं. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून इथल्या संत्र्याचा भाव कधी घसरेल याची धास्ती घराघरात आहे. पण नुसत्या आकड्याखाली संवाद होत नाही. म्हणून बाग उक्ती (झाडावरचा सगळा माल एकगठ्ठा) देताना व्यापाऱ्यानं फळाचा कोणता आकार धरला, विसार किती दिला, तोड केव्हा ठरली, हे विचारतो. नावं न घेता लोक सांगतात आणि शेजारच्या गावचा माणूस सौद्याला तयारीनं बसतो.

गटात आम्ही औषध विकत नाही, कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही. विक्रेते विचारतात, पैसेही देऊ करतात. पण सल्ल्यासोबत बाटली आली की कास्तकार खरं सांगायचं थांबवतो, असं माझं ठाम मत आहे.

फीचं नूतनीकरणही बहारानुसार ठेवलं आहे. आंबियावाल्यांना दिवाळीनंतर, मृगवाल्यांना (पावसाळ्यात फुलणारा बहार घेणाऱ्यांना) फेब्रुवारी-मार्चची तोड झाल्यावर, हातात पैसा असताना. त्या वेळी पैशांच्या आठवणीसोबत त्या सभासदानं वर्षभर टाकलेले फोटो तारखेनं लावून पाठवतो: फुटलेला बहार, गळ, बोर्डो लावलेलं खोड, भरलेली गाडी. यंदा काटोल आणि नरखेडकडच्या सभासदांसाठी हे काम एका सभासदाची कृषी पदवीधर मुलगी पाहणार आहे.