वाचनालयाची यादी आणि पंधरा वर्षांचा लॅपटॉप

गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका गावातून सार्वजनिक वाचनालयाचा लॅपटॉप माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा तो सुरूच होत नव्हता. बटण दाबले की दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. यंत्र २०११ च्या सुमाराचे होते. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज ७ असा त्याचा संसार होता. तो घेऊन आलेल्या ग्रंथपाल ताईंना गावात कोणीतरी ‘फॉरमॅट मारला की होईल चालू’ असे सांगितले होते आणि त्याच शब्दाने त्या धास्तावल्या होत्या. ‘सर, संस्थेकडं नवा घ्यायला पैसे न्हाईत, ते जाऊ द्या. पण ह्याच्यात आमच्या सगळ्या पुस्तकांची यादी हाय. ती गेली तर चार हजार पुस्तकं कपाटातून काढून मला पुन्हा लिहीत बसावं लागंल,’ असे त्या म्हणाल्या.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार शासनमान्य वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते, आणि त्यासाठी दाखल नोंदवही अद्ययावत ठेवावी लागते. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते विकत घेतले की देणगी म्हणून आले, अशा नोंदी तीत असतात. या वाचनालयाची कागदी नोंदवही शाबूत होती. परंतु तिची सुरुवातीची पाने इतकी जीर्ण झाली होती की ताईंच्या आधीच्या ग्रंथपालांनी ती सगळी संगणकावर उतरवून ठेवली होती. त्या पानांवरील काही पुस्तके १९४८ पूर्वीची, म्हणजे निजामी राजवटीतील होती आणि ती कोणत्या घराने दिली हे त्या यादीत लिहिलेले होते. म्हणून या कामात लॅपटॉपला दुय्यम स्थान द्यायचे आणि आधी डिस्कवरील मजकूर वाचवायचा, असे मी ठरवले. यंत्र बंद पडले की पहिला उपाय म्हणून फॉरमॅटकडे वळण्याची आमच्या व्यवसायातील सवय मला मनापासून खटकते, कारण बिघाड विजेचा, रॅमचा की डिस्कचा हे कळण्याआधीच ग्राहकाची सर्वांत मोलाची वस्तू तीत पुसली जाते.

पडदा काळा राहण्याचे कारण किरकोळ निघाले. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर काट चढला होता. ती खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवली आणि यंत्र उठले. घड्याळाला वीज देणारा तीन व्होल्टचा गोल सेल मेलेला होता, त्यामुळे तारीख कितीतरी वर्षे मागे गेली होती. हे वरवर क्षुल्लक वाटते, पण तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात, आणि लोक इंटरनेट बिघडले असे समजून भलतीकडेच शोधत राहतात. सेल बदलला. बॅटरी फुगलेली होती, ती तत्काळ काढून टाकली. आपल्याकडे विजेचा भरवसा नसल्याने पुढचे सर्व काम दुकानाच्या इन्व्हर्टरवर केले.

खरी चिंता डिस्कची होती. पेनड्राइव्हवरून लिनक्सची लाइव्ह प्रणाली, म्हणजे डिस्कवर न बसवताच चालणारी प्रणाली, चालवून डिस्कचा स्वतःचा आरोग्य-अहवाल पाहिला, तेव्हा बदललेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवर माहिती साठवणारे छोटे कप्पे) आणि वाचता न येणाऱ्या, निर्णयाविना अडकून पडलेल्या सेक्टरांची अशा दोन्ही नोंदी वाढलेल्या दिसल्या. अशा डिस्कवरून एकेक फाइल ओढत बसणे धोक्याचे असते, कारण डिस्क एकाच खराब जागी अडखळत राहते आणि तेवढ्यात तिचे उरलेले बळही संपू शकते. म्हणून मी डीडीरेस्क्यू हे साधन वापरले. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, खराब जागा वगळून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे परत वळते. कोठपर्यंत काय झाले याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये लिहीत असल्यामुळे मध्येच काम थांबले तरी तेथूनच पुढे सुरू करता येते. संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरली. अगदी थोडा भाग वाचता आला नाही. त्यानंतर मूळ डिस्क काढून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि ती ताईंच्या स्वाधीन केली. पुढचे सगळे काम प्रतिमेवर झाले.

आता प्रश्न होता कोणती प्रणाली घालायची. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची मान्य यादी काही अपवाद वगळता आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून सुरू होते. आडवाटेने ती प्रणाली अशा यंत्रावर बसवणारे लोक आहेत. पण पुढची सुधारणा येईल की अडेल याची खात्री नसलेली व्यवस्था मी खेड्यातील वाचनालयाच्या गळ्यात बांधू शकत नाही, कारण ती अडली तर ताईंना एसटीने पुन्हा परभणी गाठावी लागेल. मी लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे, तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत आणि तिचा पडदा साधा असल्याने जुन्या यंत्रावर भार पडत नाही. रॅम ८ जीबी केली आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. जुना लॅपटॉप मंद होतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, तर डिस्कच्या तबकडीवर माहिती शोधत फिरणाऱ्या सुईमुळे. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, आणि या एका बदलाने जो फरक पडतो तो पाहिल्याशिवाय ग्राहकाला पटत नाही. प्रणाली बसवणे, वाय-फाय, प्रिंटर ही कामे विनासायास झाली.

त्यानंतर यादी उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन खच दिसला. ताईंचा चेहरा पाहून मी आधी एवढेच सांगितले की काहीही गेलेले नाही. ती यादी युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी, सर्व संगणकांवर चालणारी पद्धत. अशा फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट असेल तरच मजकूर मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी तो मराठी नसतोच. डिस्कच्या प्रतिमेतून तो फाँट सापडला आणि यादी वाचता येऊ लागली. येथेच थांबता आले असते. पण मग पुढची वीस वर्षे वाचनालय त्या एका फाँटला बांधलेले राहिले असते, म्हणून मी मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरवले.

तुकड्याला तुकडा बदलून हे काम होत नाही. जुन्या फाँटमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने असतो, तर युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने असतो. ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी जुन्या मजकुरात सर्वांत आधी येते; तिला स आणि थ हे दोन्ही ओलांडून मागे न्यावे लागते. ‘कीर्ती’मधला रफार ‘ती’ पूर्ण झाल्यावर टंकलेला असतो. त्याला दीर्घ वेलांटी आणि त दोन्ही ओलांडून पुढे आणावे लागते. इंटरनेटवर तयार मिळणारे, हिंदी मजकूर समोर ठेवून केलेले जे परिवर्तक मी तपासले, त्यांत ‘शेतकऱ्यांचा’ किंवा ‘वऱ्हाड’ यांतील मराठी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मोडत होते. शेतीविषयक पुस्तकांचे एक कपाटच असलेल्या वाचनालयासाठी ही चूक पानापानावर आली असती. त्यामुळे मी पायथन या संगणकीय भाषेत छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला आणि प्रत्येक चिन्हाची जुळणी ताईंना शेजारी बसवून ठरवली. कोणते जोडाक्षर संशयास्पद आहे हे त्या शीर्षक पाहताच सांगत, कारण पुस्तक त्यांच्या हातून गेलेले असे. सुदैवाने अंक जागच्या जागी होते, म्हणून दाखल क्रमांकावरून प्रत्येक ओळ कागदी नोंदवहीशी ताडता आली.

रूपांतर झाल्यावर ताईंनीच एक गोष्ट हेरली: ‘सर, ह्यो ल हिंदीतला वाटतो.’ त्यांचे म्हणणे रास्त होते. मराठी आणि हिंदी वळणाच्या ल व श यांना युनिकोडमध्ये एकच संकेत आहे. कोणते वळण दिसावे हे फाँट आणि मजकुराची ठरवलेली भाषा यांवर अवलंबून असते. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली, मराठी वळणाची अक्षरे स्वतंत्र दिलेला फाँट निवडला आणि अक्षरे आपल्या वळणाची झाली. माझ्या मते हा हट्ट योग्यच आहे. मराठी पुस्तकांची यादी मराठी वळणातच छापली गेली पाहिजे.

जुन्या यादीची क्रमवारी आजवर कधीच लावता आली नव्हती, कारण संगणक रोमन संकेतांप्रमाणे ओळी रचत असे आणि ‘क’ची नावे भलत्याच ठिकाणी विखुरत. आता लेखकांच्या स्तंभावर क्रमवारी लावताच नावे अकारविल्हे उभी राहिली. मग ताईंनी देणगीदारांच्या स्तंभावर तेच करून पाहिले. एकेका घराने वेगवेगळ्या वर्षी दिलेली पुस्तके प्रथमच एकत्र दिसली आणि त्यांपैकी दोन घरांतील माणसे आजही वाचनालयाची सभासद असल्याचे त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितले. त्या यादीची प्रत त्या दोन्ही घरी नेऊन देण्याचे त्यांनी तेथेच ठरवले.

एका वर्षाच्या नव्या खरेदीची वेगळी फाइल मात्र नेमकी खराब सेक्टरांवर सापडली होती आणि ती उघडली नाही. त्या नोंदी कागदी नोंदवहीत सुवाच्य होत्या. त्या मी टंकून देऊ का असे विचारले असता ताई नको म्हणाल्या. त्यांना इन्स्क्रिप्ट हा देवनागरी टंकण्याचा कळफलक शिकायचा होता. व्यंजने उजव्या हाताला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, एवढी मांडणी समजावून मी त्यांना कळफलकाचा तक्ता छापून दिला. यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून ती संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी ठेवायला सांगितली. ताईंनी नोंदवही उघडली आणि त्या वर्षाचा पहिला दाखल क्रमांक माझ्याच टेबलावर टंकायला घेतला.