माणगावचा यशवंत घाडगे इटलीत कुठे लढला ते बघायला गेलो तेव्हा

इटलीला जातोय म्हटलं की लोक रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा एवढंच विचारतात. आम्ही रोमला उतरलो खरे पण तिथे फक्त मुक्काम केला, कारण आमचं डोक्यातलं ठरलेलं वेगळंच होतं, कसिनो, मग मोंतोने, मग वर सेनिओ नदी. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आपली मराठा पलटण जिथून जिथून लढत गेली तो रस्ता, जमेल तेवढा. सोबत माझी मावसबहीण, ती नोकरीनिमित्त बोलोन्याला असते, इटालियन छान बोलते आणि गाडीही चालवते, त्यामुळे अर्धं काम ताईनेच सोपं केलं.

मी मूळचा माणगावकडचा. मुंबई-गोवा हायवेने जाणाऱ्यांना माणगाव म्हणजे ट्रॅफिक जॅम एवढंच माहिती असतं. पण तिथे तहसील कचेरीजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. लहानपणापासून बघत आलो. शाळेत कोणी त्यांच्याबद्दल धड सांगितलं नाही, इटली कुठे, तिथे आपला माणूस काय करत होता, जर्मनांशी आपलं काय भांडण होतं, काहीच नाही.

तर आधी कसिनो. रोम तेर्मिनी स्टेशनवरून साधी लोकल गाडी मिळते, दोन तासांच्या आत पोचता. स्टेशनबाहेर आलात की डोक्यावर डोंगर आणि त्याच्या माथ्यावर पांढराशुभ्र मठ. हा बेनेडिक्टाइन मठ इसवी सन ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्टने स्थापन केला असं मानतात. वळणावळणाचा रस्ता आहे, टॅक्सी करा, उन्हाळ्यात चालत जायच्या फंदात पडू नका. वर गेल्यावर लोक चर्च बघायला आत जातात, आम्ही आधी कठड्यापाशी जाऊन खाली बघत उभे राहिलो, आणि मला वाटतं इथे येऊन पहिलं काम तेच करावं. कारण पुस्तकात वाचून जे कळत नाही ते इथून एका नजरेत कळतं. खाली लिरी नदीचं सपाट खोरं पसरलंय, त्यातून रोमकडे जाणारा मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून मुंगी जरी गेली तरी वरून दिसेल. आपल्याकडे घाटाच्या तोंडावर किल्ला का बांधायचे ते ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थोडक्यात सांगतो मागचं. जुलै १९४३ मध्ये दोस्त सैन्य, म्हणजे ब्रिटन, अमेरिका आणि त्यांचे साथीदार, सिसिलीत उतरलं, त्याच महिन्यात इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीला पदावरून काढलं, सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली. सगळ्यांना वाटलं झालं आता, रोम हातात आलंच. पण जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि त्यांचा सेनापती केसेलरिंग, त्याने इटलीच्या कण्यासारख्या पसरलेल्या आपेनीन डोंगरांचा पुरेपूर वापर केला. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत आडव्या संरक्षणफळ्या, एक तोडली की मागे दुसरी तयार. त्यातली सगळ्यात चिवट ती गुस्ताव लाइन आणि तिचं कुलूप म्हणजे हा कसिनोचा डोंगर. जानेवारी ते मे १९४४, चार वेळा लढाई झाली इथे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईत आपली ४थी इंडियन डिव्हिजन होती. फेब्रुवारीची थंडी, पाऊस, बर्फ, नुसते खडक, खंदक खणायला जागा नाही म्हणून दगड रचून आडोसे करायचे, दाणागोटा आणि दारूगोळा खेचरांवरून रात्री वर चढवायचा. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी हा मठ बॉम्ब टाकून पाडला. आत जर्मन लपलेत असा समज होता, पण आत होते ते वृद्ध मठाधिपती, काही भिक्षू आणि आसऱ्याला आलेली गावातली माणसं, बायका, मुलं. त्यातले कितीतरी मेले. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की विमानं येणार हे पुढच्या फळीवरच्या आपल्या जवानांना वेळेवर कळलंच नव्हतं, ते हल्ल्याच्या तयारीतही नव्हते, काही बॉम्ब त्यांच्यावरच पडले. मठ पडल्यावर जर्मन पॅराट्रूपर त्या ढिगाऱ्यात घुसले आणि ढिगारा हा तर इमारतीपेक्षा लढायला जास्त चांगला. म्हणजे एवढा विध्वंस करून मिळालं काय तर शत्रूलाच पक्कं ठाणं. मार्चमध्ये १/९ गुरखा, म्हणजे ९व्या गुरखा रायफल्सच्या १ल्या बटालियनचे जवान मठाखालच्या हँगमन्स हिलवर पोचले आणि आठवडाभर तिथे चिकटून राहिले, विमानातून टाकलेल्या पाकिटांवर जगले, शेवटी त्यांना मागे बोलवावं लागलं. मे महिन्यात चौथ्या लढाईत आपल्या ८व्या इंडियन डिव्हिजनने खाली गारी नदी ओलांडली, राजस्थानातल्या शिपाई कमल रामला तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि १८ मेला पोलिश सैनिकांनी मठावर झेंडा लावला. ४ जूनला रोम पडलं. पण दोनच दिवसांनी दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं, इटलीत लढणाऱ्यांना पेपरातही जागा उरली नाही.

मठ आता हुबेहूब परत बांधलाय. सुंदर आहे, पण मला त्याचा नवेपणा जाणवत राहिला.

खाली कॉमनवेल्थ युद्धस्मशान आहे. तिथे चार हजारांवर कबरी आहेत आणि ज्यांची कबरच नाही अशा अजून चार हजारांहून जास्त जणांची नावं मधल्या हिरवट दगडी खांबांवर कोरलीत. आपल्या लोकांचा भाग वेगळा आहे. हिंदू जवानांच्या दगडावर देवनागरीत ओम् भगवते नमः, मुसलमान जवानांच्या दगडावर अरबी अक्षरं. मी ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीचं पॅनल शोधलं, आणि त्यात नाईक यशवंत घाडगे. त्यांची कबर सापडलेली नाही, म्हणून नाव इथे. आजूबाजूला जाधव, शिंदे, मोरे, कदम, पवार, सगळी इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण वाचताना आपोआप मराठीत ऐकू येणारी. ताई प्रत्येक नाव मोठ्याने वाचत गेली. मी म्हटलं अगं हळू, तर म्हणाली, "हळू कशाला, इतक्या वर्षांत इथे कोणी यांना मराठीत हाक मारली असेल का?"

तिथून मोंतोने. उंब्रिया प्रांतातलं हे डोंगरावरचं छोटं तटबंदीचं गाव, खाली टायबर नदीचं खोरं, जवळचं मोठं गाव उंबेर्तिदे. गाडी नसेल तर अवघड आहे, बस मोजक्या आहेत. रोम पडल्यावर जर्मन लढत लढत उत्तरेला सरकत होते आणि आपली १०वी इंडियन डिव्हिजन टायबरच्या वरच्या खोऱ्यातून त्यांच्या मागे होती. ओक आणि ऑलिव्हची झाडी, दगडी घरं, प्रत्येक टेकडीवर मशीनगन. १० जुलै १९४४ ला याच वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या ३ऱ्या बटालियनच्या एका कंपनीने एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधलं कोणीही उभं राहिलं नाही, कोणी मेले, कोणी जखमी. मागे यायला कोणी नाही हे माहीत असून हा माणूस एकटा धावत गेला. आधी ग्रेनेड टाकून गन आणि गन चालवणारा संपवला, मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. आणि मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच ठाण्यात गेले. वय वर्षं २२.

मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारलं, ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याचं ब्रीद आहे. आम्ही बघत होतो तेव्हा गावातले एक वयस्कर गृहस्थ थांबले, ताईने सांगितलं की हा त्याच जवानाच्या तालुक्यातला. त्यांनी माझा हात दोन्ही हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचा जन्म युद्धानंतरचा, पण त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांना आठवत होतं, पगडीवाले आणि काळेसावळे सैनिक आले, मुलांना बिस्किटं दिली.

आता जे मला खरं सांगायचंय ते. हे जवान कोणासाठी लढले हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारतात आणि बऱ्याचदा उत्तरही ठरलेलं असतं, इंग्रजांची चाकरी. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने एकाही भारतीय पुढाऱ्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, त्याच्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचंही. ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर चले जाव. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली आणि सरकार युद्धाच्या गरजा पुढे करत राहिलं. आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. म्हणजे विचार करा, ज्या सातारा-कोल्हापूर-कोकण पट्ट्यातून पलटणीत पोरं जात होती त्याच पट्ट्यात त्यांचेच भाऊबंद इंग्रजांचं राज्य उलथवायला निघाले होते, एका घरात पलटणीची मनिऑर्डर येतेय आणि शेजारच्या घरात भूमिगत कार्यकर्ता जेवतोय. मला या दोघांत एक खरा आणि एक खोटा असं करता येत नाही. कोरडवाहू जमीन, कर्ज, पिढीजात पलटणीची परंपरा, आणि एकदा खंदकात उतरल्यावर शेजारचा माणूस, यासाठी ते लढले. आणि समोर होते ते हिटलरचे सैनिक, ती बाजू जिंकली असती तर काय झालं असतं हेही विसरून चालत नाही. २५ लाख भारतीय त्या युद्धात सैन्यात होते. इटलीतच जवळपास ५०,००० लढले आणि ५,७८२ परत आले नाहीत. एवढ्या माणसांना आपण फक्त चाकर म्हणून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही, राग येतो खरंतर.

शेवटचा टप्पा सेनिओ नदी, रावेन्नाच्या बाजूला. इथे सगळी सपाट जमीन, फळबागा, द्राक्षं. नदी म्हणाल तर ओढाच, पण दोन्ही बाजूला पुराच्या पाण्यासाठी घातलेले उंच मातीचे बांध, दुमजली घराएवढे. १९४४-४५ चा अख्खा हिवाळा जर्मन या बांधांत बोगदे करून बसले होते आणि दोस्त सैन्य समोरच्या बाजूला, काही ठिकाणी तर मधे फक्त पाणी. बांधावर उभं राहिलं की समजतं की चढताना माणूस आकाशासमोर स्पष्ट दिसतो, लपायला काही नाही. ९ एप्रिल १९४५ ला शेवटचा मोठा हल्ला झाला. जंगी पलटणीचा, म्हणजे मराठ्यांच्या १ल्या बटालियनचा, शिपाई नामदेव जाधव, निमज गावचा, संगमनेर तालुका, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा, होता. त्याचा गट जवळजवळ सगळा कापला गेला. त्याने जखमी झालेल्या दोघांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत गेला, हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि ग्रेनेडने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. तो वाचला. पुण्यात १९८४ मध्ये वारले. १९८४ म्हणजे माझे वडील तेव्हा पुण्यातच नोकरीला होते, आणि त्यांना या माणसाचं नावही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपाई अली हैदरलाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो कोहाटकडचा. अडीच वर्षांत फाळणी झाली, त्याची रेजिमेंट पाकिस्तानात, जाधवांची भारतात. कमल राम राजस्थानचा पण त्याची ८वी पंजाब रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला. इटलीत एका डिव्हिजनमध्ये एका ताटात जेवलेली माणसं.

अल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, नक्की बघा, फेरारा-रावेन्ना लाइनवर स्टेशन आहे. हा सगळा पट्टा त्या हिवाळ्यात भुईसपाट झाला होता, त्यामुळे आज जी घरं दिसतात ती बहुतेक युद्धानंतरची, गाव जुनं पण जुनी भिंत क्वचितच दिसते. वेळ असेल तर फोर्लीलाही जा, तिथे खास भारतीय सैन्याचं स्मशान आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारक.

एक कामाचं सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, फुकट आहे. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळे एका आडनावाची चार-पाच रूपं करून बघा, आणि जिल्हा जुन्या नावाने शोधा, रायगड टाकलंत तर काहीच येणार नाही, कुलाबा टाका. मी आमच्या आजूबाजूच्या गावांची यादी करायला घेतलीये. तुमच्या गावातलं कोणी सापडलं तर मला कळवा, विशेषतः माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा.