ताई, सर्व्हरपेक्षा माझा लॅपटॉप फास्ट कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच लिहिते. नवी मुंबईत ऐरोलीला आमच्या सोसायटीतली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, महापेला नोकरीवर नवीन लागलेलेही विचारतात: सर्व्हर, म्हणजे अनेकांचं काम एकदम उचलणारा मोठा कॉम्प्युटर, लाखोंचा, आणि तोच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर आधी संपतो, असं कसं? सर्व्हर बिघडलाय का? अजिबात नाही. प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे जे स्वतंत्र भाग असतात त्यांना कोअर म्हणतात, आणि एका कोअरच्या शर्यतीत लॅपटॉप खरोखरच जिंकतो.

एकाच काळातले दोन प्रोसेसर घेऊ. एएमडीचा एपिक ९६५४ नोव्हेंबर २०२२चा, इंटेलचा कोअर आय७-१३७००एच जानेवारी २०२३चा. एपिकमध्ये ९६ कोअर. आय७मध्ये १४, त्यातलेही सहाच दमदार, उरलेले आठ वीज वाचवणारे. पण कमाल क्लॉक, म्हणजे कोअर सेकंदाला किती ठोके घेतो तो वेग, बघा: लॅपटॉपचा ५ गिगाहर्ट्‌झ, सर्व्हरचा ३.७. कारण विजेत आहे. एपिकला ३६० वॅट ठरवून दिलेत. ते ९६ कोअरमध्ये वाटले की एकेकाच्या वाट्याला पावणेचार वॅट, त्यातूनही मेमरी आणि जोडण्या सांभाळणारा भाग आपला हिस्सा घेतो. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सर्व्हरचा क्लॉक मुद्दाम खाली ठेवलेला असतो.

ऑफिसातल्या एका मुलीने हाच प्रश्न घेऊन तिची पायथन स्क्रिप्ट दाखवली. पांडाज या पायथनच्या तयार लायब्ररीने भलीमोठी सीएसव्ही फाइल वाचायची आणि ओळीओळीने हिशेब करायचा. मी तिला सर्व्हरवर एचटॉप हे कोणता कोअर किती कामात आहे ते दाखवणारं साधन उघडून दिलं. कोअरच्या पट्ट्यांनी अख्खा स्क्रीन भरलेला. एक पट्टी शंभर टक्क्यांवर, बाकीच्या जवळजवळ रिकाम्या. मधेच ती भरलेली पट्टी विझायची आणि शेजारची पेटायची, म्हणजे काम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेलं, वाढलं काहीच नाही. नेहमीचं पायथन एका वेळी एकाच थ्रेडचा, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याचा, कोड चालवतं, त्यामुळे तिच्या स्क्रिप्टला बाकीचे कोअर असून नसल्यासारखे. फाइलचे तुकडे करून वेगवेगळ्या प्रोसेसना, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र प्रतींना, दिल्यावर सगळा स्क्रीन पेटला, आणि मग लॅपटॉपचा काही पाड लागला नाही.

तरी ९६ कोअर म्हणजे ९६ पट वेग, असं कधीच धरू नका. कॉम्प्युटरचे रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७मध्येच याचा हिशेब मांडला. कामाचा दहा टक्के भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागत असेल, तर ९६ कोअर लावूनही काम जेमतेम नऊ पट लवकर होतं.

आता त्या ५ गिगाहर्ट्‌झचं. हा आय७ जोर लावताना ११५ वॅटपर्यंत जातो, पण त्याची मूळ ठरलेली वीज ४५ वॅट. ठाण्यातल्या मे महिन्यात, डोक्यावर नुसता पंखा असलेल्या खोलीत दहा मिनिटं व्हिडिओ एन्कोड करून बघा. सुरुवातीला क्लॉक टुणकन वर जातो, कीबोर्डची वरची पट्टी तापते, पंखा ओरडायला लागतो आणि आकडा उतरत जातो. पातळ लॅपटॉपवर तर फारच. म्हणून मिनिटभराच्या बेंचमार्कवर, म्हणजे वेगाच्या चाचणीवर, माझा विश्वास नाही. सर्व्हरच्या खोलीत १८ ते २७ अंशांची थंड हवा समोरून येते आणि पंखे ती मागे खेचून नेतात. पहाटे चारला जो वेग, तोच दुपारी चारला. ठाणे-बेलापूर रोडला ज्या पट्ट्यात कारखाने होते तिथे आज डेटा सेंटर उभी आहेत, ती या सातत्याच्या जोरावर.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मेमरी, आणि नेमकं तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. एपिकला डीडीआर५-४८०० मेमरीचे १२ चॅनेल (मेमरीकडे जाणारे रस्ते), म्हणजे कागदावर सेकंदाला ४६० जीबी. या आय७ला डीडीआर५-५२०० लावली तरी ८३. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, ३८४ एमबी विरुद्ध २४. शिवाय सर्व्हरची ईसीसी मेमरी एखादा बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त करते. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये तो बिट कुणाला कळतही नाही. लोकांच्या पैशांचे हिशेब ज्या मशीनवर चालतात तिथे हे हवंच, मग ते मशीन थोडं हळू का असेना.

क्लाउडवाल्यांना, म्हणजे दूरचे सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांना, आणखी एक सांगते. चार व्हीसीपीयू (भाड्याच्या मशीनचे आभासी प्रोसेसर) घेतले म्हणजे चार कोअर मिळाले असं नव्हे. इंटेल-एएमडीच्या बहुतेक मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड, आणि एक कोअर दोन थ्रेड चालवतो, म्हणजे हातात आले दोनच कोअर. आठ कोअरच्या लॅपटॉपशी त्यांची तुलना करून सर्व्हरला नावं ठेवणं मला पटत नाही.

राहिला तो प्रश्न, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातला जुना झिऑन (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) घ्यावा का? ई५-२६८० व्ही४, २०१६चा, १४ कोअर, कमाल क्लॉक ३.३ गिगाहर्ट्‌झ. कोडिंग आणि ब्राउझरसाठी विचारत असाल तर नको. त्या कामात आजचा साधा लॅपटॉप त्याच्यापुढे जाईल. रात्रभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर (चित्रं तयार करण्याचं काम) लावायचे असतील किंवा घरी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरात चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालवून शिकायचं असेल, तर खुशाल घ्या. फक्त रॅकचा, म्हणजे कपाटात सरकवायचा चपटा, सर्व्हर घेऊ नका, टॉवर घ्या. रॅकच्या छोट्या पंख्यांचा आवाज वन बीएचकेत कुणाला झोपू देणार नाही.